सहा चुकांचा हिशेब

पडद्यावरचा बाण मधेच थांबायचा. माऊसवरचा हात पुढं गेलेला, बाण मात्र जागच्या जागी. आणि मग एकदम उडी मारून भलतीकडंच उगवायचा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात, ऐन लग्नसराईत, मी हे पहिल्यांदा नीट निरखून पाहिलं. पडद्यावर लग्नपत्रिका होती. गणपतीचं चित्र दोन नावांच्या बरोबर मध्ये बसवायचं, एवढंच काम. ऑपरेटर पोरगा चित्र धरून मध्यावर न्यायचा आणि ते सुटायचं नवरीच्या मामाच्या नावावर. शेजारी बारक्या स्पीकरवर गाणं लागलेलं. बाण अडला की गाणंही तुटायचं, चरचरायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी निदान कधीच करून टाकलं होतं. "प्रोसेसर म्हातारा झालाय बघ. पंखा कसा बोंबलतोय. नवीनच टाकूया काय?"

त्या काळात मी राजारामपुरीतल्या एका दुकानातर्फे गावभर कॉम्प्युटर दुरुस्तीला फिरायचो. अण्णांचा तर्क गिऱ्हाइकांकडून रोज ऐकायची सवय होती: जो धापा टाकतोय तोच आजारी. मला खटकला तो अडखळण्याचा ताल. कॅबिनेटच्या तोंडावर हार्ड डिस्कचा एक बारका तांबडा दिवा असतो. त्याच्याकडं सहसा कुणी बघत नाही. तो लागला की बाण थांबत होता, विझला की सुटत होता. गाणंही त्याच दिव्याबरोबर तुटत होतं. म्हणजे धापा टाकणारा एक आणि त्याला पळवणारा दुसराच.

विंडोज एक्सपीचा टास्क मॅनेजर ज्यांनी पाहिलाय त्यांना काळ्या चौकटीतली ती हिरवी रेघ आठवत असेल. प्रोसेसर किती टक्के गुंतलाय ते ती दाखवायची. मेनूत एक पर्याय होता. तो निवडला की हिरव्या रेघेखाली आणखी एक तांबडी रेघ उमटायची. हिरवी म्हणजे एकूण काम, तांबडी म्हणजे त्यातलं खुद्द ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यानं, कर्नलनं, केलेलं. फोटोशॉप एखादं चित्र फिरवत असेल तर हिरवी वर चढते आणि तांबडी तळाशी पडून राहते. अण्णांच्या मशीनवर मी नुसती एक मोठी फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात टाकली आणि तांबडी रेघ हिरवीला चिकटून वर गेली. फाइल हलवायला बुद्धी लागत नाही. तरी सगळा गाभाच घामाघूम झालेला.

कोण खातंय म्हणून यादी उघडली तर तिथं सगळे साळसूद. एकाच्याही नावावर म्हणण्यासारखा आकडा नाही. एका पानावर प्रोसेसर भरलेला, दुसऱ्या पानावर मोकळा. यादीत ठळक होती ती 'सिस्टीम आयडल प्रोसेस'. या बिचारीची वेगळीच कथा आहे. प्रोसेसरला काही काम नसेल तर तो रिकामा वेळ हिच्या नावावर मांडतात, म्हणजे ती ९९ टक्के दिसणं हे सुखाचं लक्षण. पण माणसं दुकानात येऊन सांगायची, "ती आयडल का काय हाय, तीच सगळं खातीय. तेवढी काढून टाका." रिकाम्या माणसावर आळ घ्यायची खोड आपल्याकडं जुनीच आहे.

बेरीज जुळत नसेल तर कुठंतरी एक खातं यादीबाहेर असतं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी विंडोजच्या आत डोकावणारी छोटी हत्यारं बनवून फुकट वाटायला १९९६ मध्ये सुरुवात केली. पुढं २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्यांची कंपनीच विकत घेतली. त्यांचं प्रोसेस एक्सप्लोरर माझ्याजवळच्या सीडीत कायम असायचं. त्याच्या यादीत दोन ओळी जास्तीच्या असतात, इंटरप्ट्स आणि डीपीसी. या प्रोसेस नव्हेतच. डिस्क, नेटवर्क कार्ड, माऊस ही मंडळी प्रोसेसरला हाक मारतात, हातातलं काम थांबवायला लावतात आणि आपलं करून घेतात. तो वेळ या दोन ओळींत दिसतो. गहाळ झालेला सगळा खर्च तिथं निघाला.

मग डिव्हाइस मॅनेजर, त्यात आयडीई कंट्रोलर, त्यात प्रायमरी आयडीई चॅनेल, त्यात ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज. इतकं खाली उतरल्यावर एक ओळ भेटते: करंट ट्रान्सफर मोड. तिथं असायला हवं होतं अल्ट्रा डीएमए मोड ५. होतं पीआयओ.

अण्णांना हे कसं सांगायचं? ते मूळचे कागल तालुक्यातले, म्हणून गुऱ्हाळावरून सांगितलं. गुळव्याचं काम काहिलीजवळ उभं राहून बघण्याचं. रसाला उकळी कशी येते, मळी कधी काढायची, काहील कधी उतरायची, हे त्याच्या डोळ्याला कळतं. ऊस चरकाला लावणारे वेगळे, चुलाण्यात चिपाडं सारणारे वेगळे. उद्या त्या गुळव्यालाच कुणी सांगितलं की फडातला ऊस तूच आण, आणि मोळीनं नको, एकेक कांडं आण, तर त्याचे पाय थकतील आणि इकडं काहील करपेल. बघणाऱ्याला वाटेल गुळव्या म्हातारा झाला. अण्णा हसले. "असं कोण सांगंल त्याला?"

तोच तर प्रश्न होता. डीएमएमध्ये प्रोसेसर फक्त सांगतो: डिस्कवरचा अमक्या जागेचा माल मेमरीत तमक्या जागी टाक, झालं की कळव. मधल्या वेळात तो मोकळा. पीआयओमध्ये केबलवरून येणारा १६ बिटांचा प्रत्येक तुकडा प्रोसेसर स्वतः उचलतो आणि मेमरीत ठेवतो. एका मेगाबाइटला असे ५,२४,२८८ तुकडे. पत्रिकेवरच्या फोटोची फाइल ४० मेगाबाइटची धरली तर दोन कोटींच्या वर. आणि एवढं राबूनही वेग सेकंदाला जास्तीत जास्त १६ मेगाबाइटच्या आसपास, जिथं डीएमएच्या त्या मोडची मर्यादा १०० आहे. एवढ्या उचल-ठेवीत माऊसनं हाक मारली तर ऐकणार कोण?

मशीन नवं होतं तेव्हा डीएमएवरच चालत होतं. त्याला खाली कुणी आणलं? कुणीच नाही. एक्सपीचा डिस्क ड्रायव्हर स्वतःच उतरत गेला. अल्ट्रा डीएमएमध्ये केबलवरून जाणाऱ्या मजकुराबरोबर सीआरसी नावाचा पडताळ्याचा आकडा जातो. दोन्ही टोकांनी तो आपापला काढायचा. जुळला नाही तर वाटेत काहीतरी बिघडलं, पुन्हा पाठव. ड्रायव्हर अशा चुका मोजतो. डिस्कनं वेळेत उत्तर दिलं नाही, तीही चूक. अशा सहा झाल्या की तो वेगाची एक पायरी उतरतो. चुका होतच राहिल्या तर आणखी एक, आणखी एक, आणि शेवटी पीआयओ. हे सहा एका तासातले किंवा एका दिवसातले नव्हेत. सगळ्या मिळून सहा. झोपवलेलं मशीन जागं होताना डिस्क अंमळ उशिरा फिरायला लागली, तर तेही त्याच खात्यात जमा. सीडी ड्राइव्हला तर चरे पडलेली एक सीडी पुरते. मधल्या काळात लाखो वेळा माल सुखरूप पोचलेला असतो, पण त्याची नोंद कुठंच नाही.

खरी गंमत पुढं आहे. सीआरसीची ती पडताळणी फक्त अल्ट्रा डीएमएमध्ये होते, पीआयओमध्ये नाहीच. म्हणजे चुका होतात म्हणून ज्या मोडमध्ये नेऊन बसवलं, तिथं केबलवरची चूक कळायची सोयच नाही. कळत नाही म्हणून मोजली जात नाही, आणि मोजली जात नाही म्हणून सगळं आलबेल.

दोष होता केबलचा. या चपट्या केबलला तारा ८० असतात आणि पिना मात्र ४०. जास्तीच्या ४० तारा काहीच वाहून नेत नाहीत. शेजारच्या दोघींनी एकमेकींचं बोलणं ऐकू नये म्हणून त्या नुसत्या मध्ये उभ्या असतात. लांबी १८ इंचांच्या वर जाऊ द्यायची नाही, निळं टोक मदरबोर्डला, काळं डिस्कला. अण्णांच्या मशीनमधली केबल कुणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेनं चारपदरी घडी घालून, रबर लावून बसवली होती, आणि घडीवर ती चिरली होती. ती बदलली. मग डिव्हाइस मॅनेजरमधून चॅनेल काढून टाकला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. सुरू होताना विंडोजला तो चॅनेल नव्यानं सापडला, मोड ५ परत आला, गणपती मध्यावर बसला. "म्हणजे प्रोसेसर चांगला हाय तर," अण्णा म्हणाले. आवाज जरा पडलेला होता. नव्या मशीनचं मनात धरलं असणार.

माझ्या मनात राहिली ती मधली पायरी. नुसती केबल बदलून भागलं नसतं. कारण दूर झालं तरी ड्रायव्हरनं खाली उतरल्याची नोंद रजिस्ट्रीत करून ठेवलेली असते, आणि मशीन कितीदाही बंद-चालू केलं तरी तो ती वाचून पीआयओवरच उभा राहतो. ती नोंद कुणीतरी मुद्दाम पुसावी लागते. पुढं यावर एक दुरुस्ती निघाली. तिच्यासाठी रजिस्ट्रीत एक नवी नोंद घालायची, नाव 'रीसेट एरर काउंटर्स ऑन सक्सेस'. एखादं काम सुखरूप पार पडलं की मागच्या चुकांचा आकडा शून्य. ही नोंद आपोआप येत नव्हती. ज्याला ठाऊक होतं त्यानं हातानं घालायची.

ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या जागी मी कधीकधी स्वतःला बसवून बघतो. त्याला मंगळवार पेठ दिसत नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की जगात कुठंतरी एक वाईट केबल आहे आणि तिच्यावरून कुणाच्या खतावण्या, कुणाचा प्रबंध थोडा थोडा नासत चाललाय. मशीन मंद झालं तर शिव्या बसतील, पण मजकूर शाबूत राहील. हा सावधपणा मला कळतो. सहानंतर संशय घ्यावा, हेही एकवेळ पटतं. पटत नाही ते गप्प राहणं. 'मला या केबलचा भरवसा वाटत नाही' अशी एक ओळ पडद्यावर आली असती तर किती धडधाकट मशीनं भंगारात जायची वाचली असती. काही माणसांशी बोलताना आपणही असेच एक पायरी खाली उतरलेले असतो. कधी उतरलो, कशावरून, दोघांनाही आठवत नाही. प्रत्येक वाक्य हातानं उचलून पलीकडं ठेवावं लागतं आणि साध्या खुशालीच्या चौकशीनंही दमायला होतं. लोक म्हणतात, वय झालं.

कोल्हापूरला यंत्र उघडून बघायची खोड आहे. बाबूराव पेंटरांनी मूव्ही कॅमेरा इथंच बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला, तेव्हापासून किंवा त्याच्याही आधीपासून. उद्यमनगरात जुने मेकॅनिक चालू इंजिनाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून मुठीला कान लावतात. कुठलं बेअरिंग बोलतंय ते त्यांना कळतं. माझ्या धंद्यात ही सोय नव्हती. फाइल आणि डिस्कची तबकडी यांच्यामध्ये फाइल सिस्टीम, कॅश, व्हॉल्यूम, पोर्ट ड्रायव्हर असे थर एकाखाली एक पसरलेले, आणि प्रत्येक थराची समजूत अशी की दुखणं खालच्याचं आहे. इथं कान लावायचा तर कुणीतरी आधी त्या थरात कान ठेवून दिलेला हवा.

तसे कान हळूहळू ठेवले गेले. पुढं मी लिनक्सच्या सर्व्हरांकडं वळलो, तेव्हा पर्फ नावाचं हत्यार हाती आलं. कर्नलच्या आत नेमकं कोणतं फंक्शन किती वेळ खातंय हे ते नावानिशी सांगतं. डिस्कच्या थरात प्रोसेसर जळतोय म्हणजे काय, याची उत्तरं तिथं वेगवेगळी निघायची. कुठं प्रत्येक सेक्टर कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, आणि ते काम सोपं करणाऱ्या सूचना प्रोसेसरमध्ये नाहीत. कुठं एकाच कुलपासाठी ताटकळलेले अनेक कोअर. उलट प्रकारही तिथंच भेटला. लिनक्समधला लोड ॲव्हरेज नुसते प्रोसेसरसाठी थांबलेले मोजत नाही, डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकून पडलेल्यांनाही धरतो. हे १९९३ पासून. त्यामुळं लोड आकाशाला भिडलेला आणि प्रोसेसर हात बांधून बसलेला, असं दृश्य दिसतं. 'डब्ल्यूए' या सदराखालचे टक्के बघून माणसं घाबरतात. तो तर रिकामा वेळच असतो, फक्त कुणीतरी डिस्ककडं डोळे लावून बसलेलं असताना गेलेला.

२००८ च्या अखेरीस ब्रेंडन ग्रेग नावाच्या सन मायक्रोसिस्टिम्समधल्या इंजिनिअरनं एक प्रयोग केला, त्याची चित्रफीत खूप गाजली. गडी डिस्कांच्या रॅकपुढं तोंड नेऊन जोरात ओरडला. आलेखावर त्याच क्षणी डिस्कचं उत्तर लांबल्याचे ठिपके उमटले. तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगणारं हेड आवाजाच्या थरथरीनं हलतं आणि पुन्हा जागेवर यायला वेळ घेतं. ते बघताना मला आमची विसर्जन मिरवणूक आठवली. महाद्वार रोडवर दोन्हीकडच्या काचा डॉल्बीनं थरथरत असताना एखाद्या माडीवर कुणी टॅलीत नोंदी करत बसलंच असेल, तर त्याचं मशीन का रुसलं याचं कारण त्याला कुठल्या यादीत सापडायचं? गंगावेशीकडं मिरवणूक सरकली की मशीन आपोआप बरं.

२०१९ च्या पुरानंतर शाहूपुरीतून डिस्का पोत्यांनी आल्या. डिस्क हवाबंद असते असा समज आहे. साध्या डिस्कला एक बारीक छिद्र असतं, आतबाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. तिथली गाळणी धूळ अडवते, पंचगंगेचा गाळ नाही. त्या डिस्कांना निदान लागत नव्हतं. निदान लागतं ते चालतंय पण कण्हतंय अशाला, आणि ते करून घ्यायला कुणी येत नाही, कारण चालतंय ना.

आता नव्या मशीनांत फिरणारी तबकडीच दुर्मीळ झाली. नव्या एनव्हीएमई ड्राइव्हचं उत्तर इतकं झटपट येतं की 'झालं की हाक मार' म्हणून प्रोसेसरनं दुसऱ्या कामाला जाणंच महाग पडतं. हाक ऐकून परत यायला लागणारा वेळ कामाच्या वेळाला भिडतो. म्हणून मोठ्या सर्व्हरांवर आता प्रोसेसरचा एखादा कोअर ड्राइव्हच्या दाराशी उभाच ठेवतात. आलं का, आलं का, असं तो अखंड विचारत राहतो. इंटेलकडं सुरू झालेली एसपीडीके नावाची प्रणाली याच रीतीनं चालते. त्या कोअरचा आकडा कायम १०० टक्के, आणि ते दुखणं नाही, योजना आहे. ज्या ताटकळण्यातून डीएमएनं प्रोसेसरला सोडवलं, तिथं तो आपल्या पायांनी परत गेला. आलेख बघून कुणी घाबरत असेल तर त्याला काय सांगावं, हे मला अजून नीट सुचलेलं नाही.

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इकडच्या एखाद्या कारखान्यात जुनं सीएनसी किंवा मोजमापाचं यंत्र अजून एक्सपीवर चालत असेल तर मला नवल वाटणार नाही. एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, पण यंत्राला ते कुणी कळवलेलं नसतं. तुमच्याकडं असं मशीन असेल आणि ते धापा टाकत असेल, तर प्रोसेसरवर आळ घेण्याआधी सगळ्या फायलींची एक प्रत दुसरीकडं काढून ठेवा आणि डिव्हाइस मॅनेजरमधली ट्रान्सफर मोडची ओळ बघा. पीआयओ दिसलं तर आधी केबल बदला, मग चॅनेल काढून मशीन पुन्हा सुरू करा. उलट्या क्रमानं केलंत तर सहा पुन्हा भरायला वेळ लागत नाही.